आठवडाभर हलकं

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, नळीत फुंकायच्या तपासणीचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, दोन्ही बाजूला सारले आणि नीलकंठला विचारलं, ‘‘पेट कैसा रहता है, गावंडे जी?’’ छातीच्या माणसानं पोटाची चौकशी करावी म्हणजे कमालच झाली, असं विभावरीला वाटलं. नीलकंठ म्हणाला, ‘‘ठीक ही है.’’ तो सगळ्यालाच ठीक म्हणायचा. फाउंड्रीत चौतीस वर्षं भट्टीपाशी आणि वाळूच्या धुरळ्यात काढली तेही ठीकच होतं. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न टाकला, ‘‘खाते क्या हैं?’’ आणि नीलकंठनं बायकोकडे पाहिलं, कारण या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यात बायकोनंच द्यायचं असतं. ती तयारच होती. खुर्चीत जरा पुढे सरकून ती अभिमानानं म्हणाली, ‘‘एकदम हल्का, डॉक्टर साहब. छह साल से परहेज़ पे हैं. तेल-मिर्ची, दही, भाजी, कुछ नहीं.’’ आता शाबासकी मिळेल असं तिला वाटत होतं. डॉक्टरांनी पेन थांबवलं. ‘‘छह साल से? किसने बताया था?’’

‘‘अस्पताल में ही बताया था,’’ ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिचे कान तापले. डॉक्टरांना वाद घालायचा नव्हता, बाहेर पन्नास माणसं खोकत बसली होती. त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि दोघांना शेजारच्या खोलीत गीतांजलीकडे पाठवलं. ही आहार सांगणारी मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, गळ्यात ओळखपत्र आणि टेबलावर एक पेरूची फोड. बोलायची मात्र समजावून. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात, ती हिंदीतून सांगू लागली, आणि आपल्याला जे पचत नाही तेच त्यांचं जेवण असतं: डाळींची सालं, पालेभाज्यांचा चोथा, जाडंभरडं धान्य. ते खाऊन ते जे तयार करतात ते रक्तात जातं, आणि छातीतल्या आपल्या शिपायांना सांगतं की बाबांनो, जेवढ्यास तेवढं लढा, उगाच आपलंच घर पेटवू नका. नुसता पांढरा भात, मैद्याचा टोस्ट, बिस्किट एवढंच गेलं तर ते उपाशी पडतात, कमी होतात. मग साधी सर्दीही छातीत उतरली की जळजळ आटोक्यात राहत नाही. ‘‘और बार-बार एंटीबायोटिक लो, तो वो भी इन्हें मारती है,’’ गीतांजली म्हणाली. मग ‘थांबा’ म्हणून तिनं स्वतःच हात वर केला. दाल खाल्ल्यानं फुफ्फुस नवं होत नाही, आंटी. धुरळ्यानं आणि बिडीनं जे जळलं ते गेलं. पण दर हिवाळ्यात जे दोन-तीन झटके येतात, ते कदाचित कमी होतील. अभ्यास चालू आहे, खात्री कोणी देणार नाही. तिनं एक छापील कागद दिला: तीन दिवस, तीन रकाने, सकाळ-दुपार-संध्याकाळ, अंकल जे खातील ते जसंच्या तसं लिहून सोमवारी आणा. विभावरीनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

दोघं ऑटोनं कांचघर वस्तीतल्या घराकडे निघाले. नीलकंठला बोलायला दम पुरत नव्हता, आणि विभावरीच्या डोक्यात ‘किसने बताया था’ हे तीनच शब्द गाडीच्या धक्क्यागणिक आदळत होते. खोटं ती बोलली नव्हती. दवाखान्यातच सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वी, नीलकंठ निवृत्त झाला त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस पलंगावर, नाकाला नळी. सोडताना दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर चालता चालता म्हणाला होता, ‘‘माताजी, एक हफ्ता हल्का खिलाइए.’’ एक हफ्ता. हे शब्द तिला लख्ख आठवत होते, त्याच्या हातातल्या चहाच्या कागदी कपासकट. ती ते कधी विसरलीच नव्हती. विसरली असती तर बरं झालं असतं, असं ती मनाशी म्हणाली, आणि तेवढ्यात घर आलं.

त्या आधीची चौतीस वर्षं कशी होती हे कोणी विचारलं असतं तर तिनं हातच दाखवले असते. सातची शिफ्ट म्हणजे साडेचारला चूल. डब्यात ज्वारीच्या चार भाकरी, कारण दोन तो खायचा आणि दोन त्याच्या पाळीतली पोरं पळवायची. झुणका, नाही तर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा, आणि बाटलीत ताक. गावंडेच्या डब्याची फाउंड्रीत ख्याती होती आणि तिलाही त्याची ऐट होती, नाही कशाला म्हणा? तो गेला की सासूबाईंचं वेगळं, धनेशच्या शाळेचं वेगळं, त्यात धनेशला वांगं चालत नाही आणि सासूबाईंना बटाटा. दुपारी भांडी, संध्याकाळी पुन्हा कणिक. सासूबाई गेल्या, धनेश शिकून बंगळूरला गेला, तरी कणकेची परात काही थांबली नाही. नीलकंठ निवृत्त झाला त्या दिवशी फॅक्टरीत मोठा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, भाभीजी का भी योगदान रहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन भाभीजींनी पदर खोचला आणि चौदा माणसांच्या पोळ्या लाटल्या. निवृत्त ती त्या दिवशी झाली नाही. ती झाली त्यानंतर चार महिन्यांनी, न्यूमोनियाच्या आठवड्यात.

त्या आठवड्यात काय झालं ते तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. काही झालंही नव्हतं म्हणा. कुकरला मऊ भात लावायचा, मुगाच्या डाळीचं पाणी, चिमूटभर मीठ. संध्याकाळी साडेसहाला स्वयंपाकघर आवरलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती दिवेलागणीला ओट्यापाशी उभी नव्हती. तिनं प्लास्टिकची खुर्ची दारात ओढली आणि बसली. समोरच्या रस्त्यावरून माणसं कामावरून परतत होती, भाजीवाला ओरडत होता, कोणाच्या तरी घरून फोडणीचा वास येत होता आणि तो तिच्या हातचा नव्हता. तिला एवढं बरं वाटलं की भीती वाटली. आत नवरा धापा टाकून राहिलाय अन् आपण इथे सुखानं बसलोय, काय म्हणावं या मनाला! आठव्या दिवशी तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं, पिठाचा वास घेतला, आणि झाकण लावून डबा पुन्हा वर ठेवून दिला. अजून दोन दिवस, ती म्हणाली. छाती नाजूक आहे अजून. ते दोन दिवस तिनं पुढे कधी मोजले नाहीत.

मग एकेक दार लागत गेलं. दही थंड, कफ होतो. पेरू थंड, केळं तर विचारूच नका. पालेभाजी पचायला जड. चणे-वाटाणे वायू करतात. सालाची डाळ नको, घशात अडकते. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण कोणीतरी आधी सांगून ठेवलेलं होतं, आईनं, शेजारणीनं, एखाद्या वैद्यानं. तिला फक्त हात पुढे करून घ्यायचं होतं. शेवटी उरलं ते टोस्ट-चहा, मऊ भात, डाळीचं पाणी, बटाटा, आणि चतुर्थीला साबुदाणा. धनेशचा रविवारी फोन आला की विचारायचा, ‘‘आई, बाबांना काय देतेस?’’ ती सांगायची, ‘‘हलकंच.’’ तो म्हणायचा, ‘‘किती करतेस गं तू त्यांचं.’’ हे ऐकताना तिला आत कुठेतरी टोचायचं, पण पाण्याचा पेला प्याल्यावर जायचं. आणि खोकला वाढला की ती मेडिकलवाल्या भैयाला मागच्या खेपेची रिकामी पट्टी दाखवायची. तो न विचारता तीच पाच गोळ्यांची पट्टी द्यायचा. एका हिवाळ्यात दोनदा, तीनदा. म्हणजे आधी त्यांना उपाशी ठेवलं आणि वरून मारलंही, तिच्या मनात आलं, आणि न दिसणाऱ्या त्या कोट्यवधी जिवांची तिला अशी काही लाज वाटली की घरी येऊन उपाशी परत गेलेले पाहुणेच जणू.

नीलकंठनं एकदाच विचारलं होतं. दुसऱ्या महिन्यात. ‘‘जरासा ठेचा केला तर?’’ ती म्हणाली होती, ‘‘खोकला येईन तुम्हाले.’’ येईल, हेही खरंच होतं. त्यानंतर त्यानं कधी काही मागितलं नाही. ताटात येईल ते खाल्लं, ताट उचलून मोरीत ठेवलं. सोसणारा माणूस मिळाला की सोसायला लावणाऱ्याचं फावतं, हे ती दुसऱ्याच्या घराबद्दल किती सहज म्हणाली असती.

शुक्रवारी सकाळी तिनं तो कागद काढला आणि पेन्सिलनं लिहिलं: ‘सुबह. चाय. टोस्ट 3.’ दुपारी लिहिलं: ‘चावल, दाल का पानी.’ संध्याकाळच्या रकान्यात पुन्हा तेच लिहायचं होतं. ती कागदाकडे बघत राहिली. गावंडेचा डबा! फाउंड्रीची सगळी पोरं ज्यावर तुटून पडायची त्या डब्याच्या मालकिणीनं हे लिहायचं? आणि ती पोरगी वाचणार, डॉक्टर वाचणार, फाइलीत लावणार. आपल्या स्वयंपाकघराची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं रबर घेतलं आणि सगळं पुसलं. मग पेनानं, चांगल्या अक्षरात, लिहायला बसली. ‘ज्वार की भाकरी 2. मेथी. मठ्ठा.’ लिहिताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं. दुपारी छिलक्याच्या मुगाची उसळ. संध्याकाळी, जानेवारी होता म्हणून, जवळच्या पाटण गावाकडच्या कोवळ्या वाटाण्यांची भाजी, त्यात गाजर. दुसऱ्या दिवशी कोदोच्या भरड दाण्यांचा भात आणि अंबाडी; पण अंबाडी या दिवसांत मिळत नाही, म्हणून ती खोडून पालक केला. खोटं लिहिताना तिनं मोसम चुकवला नाही, एक भाजी दोनदा घातली नाही, भाकरीबरोबर काय जातं आणि काय जात नाही याचा विचार केला. तीन दिवसांचं तिनं एका बैठकीत लिहून काढलं. सहा वर्षांत एवढा मन लावून स्वयंपाक तिनं केला नव्हता. मग उठून कुकरला मऊ भात लावला.

‘‘झालं का लिहून?’’ जेवताना नीलकंठनं विचारलं. ती म्हणाली, ‘‘हाव.’’ त्यानं मान हलवली आणि भात कालवला. प्रत्येक घासानंतर तो थांबायचा, कारण गिळणं आणि श्वास घेणं ही दोन कामं त्याला आता एकामागून एक करावी लागत होती. ते तिला दिसायचंच, पण त्या दिवशी तिला ते बघवेना. खाली बघून ती स्वतःच्या भातातले खडे शोधू लागली. भातात खडे नव्हते. ती स्वतःही सहा वर्षं हेच जेवत होती. यात तिला थोडा आधार वाटला आणि लगेच त्या आधाराचा राग आला.

सोमवारी गीतांजलीनं कागद वाचला आणि तिचा चेहरा फुलला. ‘‘आंटी, ऐसा तो मैं खुद नहीं खाती!’’ ती कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. विभावरी आणि नीलकंठ तिच्या टेबलासमोरच्या बाकावर बसले. पाच मिनिटांनी परत येऊन तिनं कागद टेबलावर ठेवला तेव्हा चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं होतं. सर म्हणतात, खाणं एवढं चांगलं असताना झटके येताहेत, म्हणजे तिथे सुधारायला जागा नाही. मग आता लांब मुदतीची गोळी सुरू करू. अँटिबायोटिकच, आठवड्यातून तीन दिवस, निदान सहा महिने, कदाचित वर्ष. आधी हृदयाचा आलेख काढायचा आणि कान तपासायचे, कारण काहींना ऐकायला कमी येतं. ‘‘पेट के लिए अच्छी नहीं है,’’ गीतांजली हळूच म्हणाली, ‘‘पर जब खाना सही है, तो और क्या करें?’’ तिनं आलेखाची चिठ्ठी नीलकंठपुढे धरली, आणि नीलकंठनं ठीक म्हणून ती घेतली.

विभावरीनं त्या चिठ्ठीकडे पाहिलं. तिचे कागदावरचे वाटाणे, मेथी, पालक, त्या सगळ्यांनी मिळून ही चिठ्ठी आणली होती. ती गप्प राहिली तर आलेख निघाला, कान तपासले की गोळी सुरू होईल. गप्प राहायला काही लागत नाही, सहा वर्षं ती तेच करत आली होती. कदाचित गोळीनं बरंही वाटेल. लागतच असेल त्यांना. डॉक्टर काही वेडे नाहीत. पण ते पोटात उरलेसुरले जे असतील ते? आणि यांचे कान? याच माणसाला आपण काय वाढतो ते आपण सोडून कोणाला ठाऊक आहे? धनेश काय म्हणेल, किती करतेस गं तू. तिनं उठून टेबलावरच्या कागदावर हात ठेवला.

‘‘बेटी, ये झूठ है,’’ ती म्हणाली. ‘‘सब झूठ लिखा है मैंने. ऐसा कुछ नहीं बनता हमारे घर. चावल और दाल का पानी बनता है. टोस्ट. छह साल से.’’ मग ती नीलकंठकडे वळून मराठीत म्हणाली, ‘‘डॉक्टरनं सांगितलं नव्हतं हो. म्हणजे सांगितलं होतं, पण आठवडाभरच. मीच...’’

‘‘माहीत आहे मले,’’ नीलकंठ म्हणाला.

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘आठवडाच म्हणला होता तो पोरगा. मी बी होतो नं तिथं.’’ त्यानं श्वास घेतला. ‘‘न्यूमोनिया छातीत होता. कानात नव्हता.’’

गीतांजलीला मराठी कळत नव्हतं. ती एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत नवा कोरा कागद काढून बसली. विभावरी बाकावर टेकली. पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या पाठोपाठ असा संताप आला की अंगाचा तिळपापड झाला.

‘‘मग बोलले काहून नाही?’’

‘‘तू संध्याकाळची बसाले लागली होती,’’ तो म्हणाला. त्याला एका दमात चार-पाचच शब्द जमत होते. ‘‘दारात. खुर्ची टाकून. पहिल्यांदा पाहिलं तुले. बसलेलं. म्हटलं, बसू दे.’’

‘‘म्हणून सहा वर्षं पेज गिळली? इकडं दम लागून जीव चालला तुमचा, अन् तुम्ही मले बसलेली पाहून राहिले?’’ तिचा आवाज चढला. पलीकडच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. बघेनात का! ‘‘अन् मले बसू द्यायचं होतं, तर स्वतः उठता नव्हतं का येत? तेव्हा चालत होते तुम्ही. फुहारा चौकापर्यंत पायी जात होते. दोन पालेभाज्या निवडता नव्हत्या आल्या? कुकर लावता नव्हता आला?’’

नीलकंठ खरोखर विचारात पडला. चौतीस वर्षं ज्यानं वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं तो माणूस भुवया आकसून आठवू लागला की हे आपण का केलं नाही. त्याला कारण सापडेना.

‘‘ते नाही सुचलं,’’ तो म्हणाला.

ती यावर काही बोलणार होती. मग तिच्या लक्षात आलं की तिलाही ते आत्ता, या बाकावर, रागाच्या भरात सुचलं होतं. सहा वर्षं रोज संध्याकाळी ती दारात बसली, तो आत पडून राहिला, मधे स्वयंपाकघर रिकामं, आणि दोघांपैकी एकालाही ते सुचलं नाही. तिला रडू आलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि ते थांबायची वाट पाहिली.

‘‘आंटी,’’ गीतांजली म्हणाली, ‘‘मैं सर को बता देती हूँ, गोली अभी रुकवा लेते हैं. दोबारा लिखते हैं.’’ तिनं नाव, वय, वजन भरलं. खाणं विचारलं, ते विभावरीनं सांगितलं, टोस्टांच्या संख्येसकट. ‘‘परहेज़ किसके कहने से?’’

‘‘मेरे. विभावरी गावंडे लिखो.’’

‘‘दोनों का लिखो, बेटी,’’ नीलकंठ म्हणाला. ‘‘नीलकंठ गावंडे भी.’’

गीतांजलीनं दोन्ही नावं लिहिली. एवढ्या लहान रकान्यात ती मावत नव्हती, दुसरं तिनं समासात घातलं. मग पुढचा रकाना वाचला: ‘‘खाना कौन बनाता है?’’

विभावरीनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. या वेळी ती त्याच्यासाठी उत्तर देणार नव्हती. नीलकंठनं खिशातून पंप काढला, एक फवारा ओढला, आणि सांगितलंय तसा श्वास दहा आकडे धरून ठेवला. गीतांजली पेन धरून थांबली. त्यानं श्वास सोडला.

‘‘सुबह का ये,’’ तो म्हणाला. ‘‘शाम का मेरा नाम लिखो. भाकरी.’’

‘‘भाकर नाही जमणार तुम्हाले,’’ विभावरी म्हणाली. ‘‘खोटं नका लिहू आता.’’

‘‘मग काय जमन?’’

‘‘खिचडी जमन. बसल्या बसल्या निवडाल, कुकरात टाकाल. सालाचे मूग घेऊन.’’

‘‘खिचड़ी लिखो,’’ नीलकंठनं गीतांजलीला सांगितलं. ‘‘छिलके वाली मूँग की.’’ ती लिहीपर्यंत विभावरी वाकून कागदाकडे बघत राहिली.